न पिणारीचे पाच ग्लास

आधीच सांगून टाकते : मी दारू पीत नाही. वाईन नाही, बिअर नाही, लग्नातली शॅम्पेन नाही. खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून घेते. आणि तरीही गेल्या उन्हाळ्यात मी एक अख्खा शनिवार वाईन चाखायच्या ठिकाणी आणि समुद्रकाठी घालवला. हे वाचून ज्यांच्या मनात ‘मग ही बया तिथे गेलीच कशाला?’ असं आलं असेल, त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. हा प्रश्न मला तरुणपणापासून विचारला जातोय. आता पंचावन्नाव्या वर्षी त्याचं सविस्तर उत्तर द्यायची हुक्की आली आहे.

जायचं होतं खरं तर दक्षिण इटलीला. मला नाही, माझी मैत्रीण माधवी आणि तिचा नवरा अविनाश यांना. आठ दिवस कॅलाब्रिया, डोंगरउतारावरचे द्राक्षमळे, लाटांच्या आवाजात जेवणं. अविनाशने तर ‘अजून थोडी ओता’ हे इटालियनमध्ये पाठही केलं होतं.

या दोघांची ओळख करून देते. सत्तावीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेमध्ये आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो. माधवी पुण्याची, मी नागपूरची. तळघरातल्या लाँड्री रूममध्ये माझी लाल ओढणी चुकून तिच्या कपड्यांत गेली आणि अविनाशचे ऑफिसचे सगळे पांढरे शर्ट गुलाबी होऊन बाहेर आले. मी रडकुंडीला आले होते. माधवी मात्र जमिनीवर बसून हसत सुटली. तेव्हापासून माधवी माझी मैत्रीण आहे, आणि तेव्हापासून अविनाशचे शर्ट माझ्यापासून सुरक्षित नाहीत.

पण मुलं कॉलेजात गेली आणि या मंडळींच्या सगळ्या सहली वाईनच्या झाल्या. एकदा लाँग आयलंड, एकदा व्हर्जिनिया. दोन्ही वेळा मला फोटो बघून कळलं. इटलीचं तर आयसेलिनला मिठाईच्या दुकानात, काजूकतलीच्या रांगेत, एका तिसऱ्याच बाईकडून कळलं. मी माधवीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, सगळं वाईन-वाईनच आहे. तुला बोअर झालं असतं.”

मला बोअर होतंय का, हे आतापर्यंत मीच ठरवत आले होते. ते खातं माधवीकडे कधी गेलं, मला कळलंच नाही. पण तेव्हा मी हसले आणि काजूकतली घेऊन घरी आले. अर्धा डबा एकटीने संपवला.

मग अविनाशचा पासपोर्ट माझ्या मदतीला धावून आला. निघायच्या चार दिवस आधी, वेबसाइटवर नंबर भरताना, तो कधीच संपलाय असं त्याच्या लक्षात आलं. सगळं कॅन्सल. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी माधवीचा मला फोन.

“सुजा, शनिवारी केप मेला येतेस? तिथे कॅलाब्रियाहून आलेल्या लोकांचा एक द्राक्षमळा आहे. दुपारी टेस्टिंग, संध्याकाळी खाडीवर जेवण. दक्षिण इटली नाही तर दक्षिण जर्सी!”

“येते,” मी म्हणाले. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

रात्री शिकागोला लेकीला फोन करून ही बातमी मोठ्या तोऱ्यात सांगितली. तिने एका क्षणात माझ्या फुग्याला टाचणी लावली.

“आई, यू नो यू आर द डीडी, राइट?”

डीडी म्हणजे डेझिग्नेटेड ड्रायव्हर : न पिणारा माणूस, जो बाकीच्या सगळ्यांना गाडीत घालून सुखरूप घरी आणतो. लोक त्याचे फार आभार मानतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावतात.

“काहीतरीच बोलू नको,” मी म्हणाले. “त्यांनी मला मैत्रीण म्हणून बोलावलंय.”

“ओके, आई,” ती म्हणाली. माझ्या लेकीचं ‘ओके’ हे जगातलं सगळ्यात मोठं ‘नाही’ आहे.

निघताना : एक बाटली

आता माझ्या न पिण्याबद्दल. आम्ही बौद्ध. पाचवं शील मद्यापासून लांब राहायचं आहे. पण आमच्या घरात या शिलाला एक जोड आहे आणि ती माझ्या आजोबांची आहे. ते नागपुरात मिलमध्ये कामाला होते आणि, सगळे सांगतात त्याप्रमाणे, पक्के पिणारे होते. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिल सुटल्यावर दोस्त गुत्त्यावर गेले, तर हे पण मागोमाग गेले. पितळी पेला घेऊन. पेल्यात मठ्ठा. गुत्तेवाला म्हणाला, “पीत नाहीस तर येतो काऊन?” आजोबा म्हणाले, “दारू सोडली ना बाप्पा. दोस्त कुठं सोडले?” आणि तिथेच बसून, सगळ्यांपेक्षा जास्त ऐटीत, मठ्ठा प्यायले. रोज. पुढची कित्येक वर्षं. त्यांना बघून त्यातल्या दोघांनी सोडली, बाकीच्यांनी नाही. पण आजोबांची जागा तिथून कोणी हलवली नाही.

तेव्हा आमची घराणेशाही ही अशी. जायचं, बसायचं आणि प्यायची नाही.

शनिवारी सकाळी मी मठ्ठा घुसळला. जिरं, आलं, सैंधव, कोथिंबीर. तो पूर्वी लेमनेड आलेल्या काचेच्या बाटलीत भरला, तारेच्या खटक्याचं झाकण लावलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवला. अविनाश गाडी घेऊन आला तेव्हा कडक इस्त्रीचा पांढरा लिननचा शर्ट घालून आला होता.

“हे काय?” त्याने बाटलीकडे बघून विचारलं.

“माझी वाईनरी,” मी म्हणाले.

पार्कवेने दक्षिणेला निघालो. आपल्याकडची गर्दी, गोदामं, कारखाने हळूहळू मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी बुटक्या पाइन वृक्षांचं रान लागतं. जमीन पांढऱ्या वाळूची. जर्सीला नावं ठेवणाऱ्यांनी इथपर्यंत एकदा यावं. माधवीने चकल्यांचा डबा फिरवला, अविनाशने फोनवरून वाईनची माहिती मोठ्याने वाचली, मी मागे बसून दोघांची नक्कल केली. दोन तास कसे गेले कळले नाहीत. गाडीतून उतरलो, आणि अविनाशने एका नटासारखी गिरकी घेत किल्ली माझ्याकडे फेकली.

“परत येताना तू!”

मी ती झेलली. काय करणार, हात आपोआप वर गेला. माधवी पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने मान वर केली नाही.

लेकीचं ‘ओके’ माझ्या कानात वाजलं.

द्राक्षमळा

मळा बघून मात्र मी सगळं विसरले. वेलींच्या सरळ रांगा खाडीच्या दिशेने उतरत गेलेल्या, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक गुलाबाचं झाड. नाशिककडच्या बागांत मांडवाखाली शिरल्यावर अंधारून येतं. इथे वेली तारांवर हात पसरून रांगेत उभ्या, शाळेत कवायतीला उभ्या केल्यासारख्या. द्राक्षं अजून हिरव्या वाटाण्याएवढी. वाऱ्याला खारट वास.

आत लाकडी काउंटर. त्यामागे केटी नावाची गोड मुलगी. तिने तिघांसाठी पाच-पाच ग्लासांची फळी मांडायला घेतली, तेवढ्यात अविनाश माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ओह नो, शी इज अवर ड्रायव्हर.”

मैत्रीण नाही. ड्रायव्हर.

केटीने हसून माझी फळी उचलली, माझ्या मनगटाला कागदी नारिंगी पट्टी चिकटवायला पुढे केली आणि सांगितलं की ड्रायव्हरला सोडा फुकट आहे, तिकडे खिडकीजवळ बाकं आहेत.

तिकडे. खिडकीजवळ. बाकं.

मी माधवीकडे बघितलं. ती नखांकडे बघत होती.

वाचकहो, मी नाटकात कधी काम केलेलं नाही, पण त्या क्षणी पडदा वर गेला असं मला वाटलं. मी नारिंगी पट्टी काउंटरवर परत ठेवली आणि म्हणाले, “मला पट्टी नको. मला पाच ग्लास हवेत.”

“पण तुम्ही पीत नाही ना?” केटीने विचारलं.

“नाही.”

“मग... ड्राइव्ह करणार?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

“सुजाता,” अविनाश हळूच म्हणाला, “अगं, सीन कशाला करतेस?”

“कारण मला येतो,” मी म्हणाले.

आवाज ऐकून आतल्या दारातून एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, रबरी बूट, पांढरे केस पेन्सिल खुपसून बांधलेले. या मालकीणबाई, लूसी. आजोबा कॅलाब्रियाहून आलेले, वडिलांनी हा मळा लावला. केटीने त्यांना भानगड सांगितली. लूसीबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“न पिता पाच ग्लासांचं काय करणार?”

“बघणार. हुंगणार. आणि यांच्याबरोबर इथे उभी राहणार.”

त्यांनी केटीला मान डोलावून खूण केली. “माझे वडील न पिणाऱ्या पाहुण्यापुढेसुद्धा ग्लास ठेवायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, ग्लास नाही ठेवला तर तो दारातच उभा आहे असं वाटतं.”

माझ्यापुढे पाच ग्लास आले. मी अविनाशकडे बघून भुवया उडवल्या.

आता एक गुपित सांगते. वाईन चाखणारे ग्लास उजेडात धरतात, रंग बघतात, गढूळ आहे का बघतात, हलवतात, हुंगतात आणि गंभीर चेहरा करतात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रोज सकाळी हेच करते आहे. फक्त माझ्या बाटल्यांत काय असतं, ते जेवणाऱ्या माणसांसमोर सांगत नाही. आणि जंतूंच्या प्लेटींना वास असतो. हल्ली हुंगायला बंदी आहे, ती योग्यच आहे. पण आम्ही जुन्या लोकांनी धंदा नाकाने शिकला. एका जंतूचा वास तर चक्क द्राक्षांसारखा येतो. तेव्हा मनगट तिरकं करून मी ग्लास उजेडात धरला, तो असा काही, की शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं माझं बघून तसंच करायला लागलं.

पहिली पांढरी. “कच्चा पेरू,” मी म्हणाले, “आणि मीठ.” लूसीबाईंची भुवई वर. दुसरी गुलाबी. “काकडी सोललेली. आणि मागे स्ट्रॉबेरी, पण लाजतेय.”

इकडे माझ्या मित्रमंडळींची वेगळीच अडचण झाली होती. काउंटरवर एक पितळी बादली होती. चाखून उरलेली वाईन त्यात ओतायची, किंवा तोंडातली थुंकायची, अशी पद्धत. लूसीबाई स्वतः दिवसभर थुंकतात. “जीभ कामावर, पोट सुट्टीवर,” म्हणाल्या. पण अविनाश पडला सदाशिव पेठेतला. पानात काही टाकायचं नाही, हे त्याच्या रक्तात. आईने कारल्याच्या भाजीसाठी शिकवलेला नियम तो वाईनला लावत होता. प्रत्येक ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत.

“मला बास,” पहिल्या दोन घोटांनंतर माधवीने ग्लास ठेवला आणि बादलीकडे हात नेला, तर हा ओरडला, “अगं, टाकतेस काय? आण इकडे.” आणि तिचेही त्यानेच संपवले. ज्या गोऱ्या लोकांना आपण उधळे म्हणतो, ते शहाण्यासारखे थुंकून ताठ चालत बाहेर जात होते, आणि संस्कारांमुळे आमचा माणूस तिसऱ्या ग्लासाआधीच लाल झाला होता.

तिसरी होती त्यांची खास लाल. केटीने नवी बाटली उघडून ओतली. अविनाशने डोळे मिटले. “कॉम्प्लेक्स,” तो म्हणाला. “अर्दी, मातकट. जुनी लायब्ररी, लेदर... धिस इज इटली, यार!”

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. ओला पुठ्ठा. गोदामात भिजून बुरशी धरलेली रद्दी.

“ही आजारी आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“बुचाला बुरशी लागलीय. पिऊ नको.”

“न पिता तुला काय कळणार?” अविनाश मोठ्याने हसला. “सुजाता, प्लीज. हे म्हणजे पोहायला न येणाऱ्याने समुद्राबद्दल बोलणं झालं.”

दोन-चार लोक वळून बघायला लागले. लूसीबाईंनी त्याच्याच हातातला ग्लास घेतला, नाकाशी नेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बादलीत ओतला. मग अख्खी बाटली ओतली.

“खराब बूच,” त्या म्हणाल्या. “शेकड्यात एखादं निघतंच. केटी, दुसरी उघड. आणि ओतायच्या आधी या बाईंना विचार.”

अविनाशची जुनी लायब्ररी बादलीत गुळगुळ करत गेली. असे क्षण बोलून वाया घालवायचे नसतात.

तेवढ्यात माधवी “रेस्टरूमला जाऊन येते” म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा एसीमुळे थंडी वाजतेय म्हणून लांब बाह्यांचं स्वेटर घालून आली. मी पाठ फिरवली. मला तिचाच जास्त राग आला होता. अविनाश बोलून चुकला. ती न बोलून.

निघताना लूसीबाईंनी मला आतून एक छोटी बरणी आणून दिली. तेलातल्या लाल मिरच्या, त्यांच्या आजोबांच्या गावच्या बियाण्याच्या. “जपून,” म्हणाल्या, “अमेरिकन लोक रडतात.”

“मी नागपूरची आहे,” मी म्हणाले.

खाडीकाठ

अमेरिकेच्या या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि बिचारा पार्किंग लॉटमागे मावळतो. पण केप मेच्या मागच्या बाजूला डेलावेअरची खाडी आहे, इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि तिथे सूर्य थेट पाण्यात बुडतो. काठावर वाळूतच टेबलं मांडलेली खानावळ. मळ्यापासून तिथवर पाच मिनिटं, तेवढी गाडी मीच आणली; अविनाश त्या अवस्थेत नव्हता. न्यू जर्सीत दारूचं लायसन मिळणं कठीण, त्यामुळे अशा कित्येक ठिकाणी आपापली बाटली घेऊन यायची पद्धत आहे. अविनाश लूसीबाईंकडची पांढरी घेऊन बसला. मी माझी घेऊन बसले. कायदा दोघांना सारखा.

शेजारी वाळूत घोड्याच्या नालाच्या आकाराचे, डायनोसॉरच्याही आधीपासूनच्या जातीचे खेकडे उलटे पडले होते. फिरायला आलेली एक बाई प्रत्येकाला हलकेच सुलटं करून पाण्याकडे तोंड करून देत होती. मीही दोन केले. मग जेवण आलं : शिंपल्यांचा पास्ता, लसणाच्या वासाने भरलेला, जाळीवर भाजलेले स्क्विड म्हणजे माकूळ, टोमॅटो असे की नुसत्या मिठाबरोबर पोळीशी खावेत. मी लूसीबाईंची बरणी उघडली. पहिल्या घासाला भिवापुरी मिरचीची आठवण झाली : आधी गोड, मग धूर, मग कानामागे घाम. मिरची आपल्याकडेही बाहेरून आली, कॅलाब्रियालाही बाहेरून गेली आणि दोन्हीकडे अशी राहिली, जणू घर तिचंच. माधवीने एक तुकडा चाखला, डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला पाणी दिलं नाही.

“चिअर्स करूया!” अविनाश उभा राहिला. “टु सदर्न इटली!”

मी माझ्या बाटलीचा खटका उघडला.

त्याआधी काय घडलं होतं, ते मला नंतर समजलं. बर्फाचा डबा गाडीत उन्हात राहिला होता. बर्फाचं पाणी, पाण्याचा चहा झाला होता. बंद बाटलीत मठ्ठा चार तास तापला, फुगला, रस्ताभर हिंदकळला. खटका उघडताच असा बार उडाला की शेजारच्या टेबलावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. झाकण तारेवर नाचलं आणि पांढरा फवारा कमानीसारखा जाऊन अविनाशच्या लिननच्या शर्टावर, गळ्यापासून पोटापर्यंत, कोथिंबिरीसकट उतरला.

“सत्तावीस वर्षं!” अविनाश किंचाळला. “सत्तावीस वर्षं ही माझ्या शर्टांच्या मागे आहे!”

माधवी हसता हसता टेबलावर आडवी झाली, लाँड्री रूममध्ये झाली होती तशीच. मलाही आवरेना. क्षणभर वाटलं, झालं, सगळं मिटलं.

पण कोथिंबीर झटकत अविनाश म्हणाला, “हे आंबलंय! म्हणजे यात अल्कोहोल आहे! सुजाता, तुझं शील गेलं!”

मी बाटली नाकाशी नेली. “यीस्ट असतं तर पावासारखा वास आला असता. नाहीये. हे नुसतं उन्हाचं काम आहे. आणि माझ्या नाकाबद्दल आज तू बोलू नयेस.”

“बरं बाई, सॉरी,” तो हात जोडून बसला, आणि ग्लास भरत सहज म्हणाला, “पण तू आहेस म्हणून बरं. नाहीतर आज आम्हाला कोणी नेलं असतं?”

हसू गेलं. मी पर्स उघडली, गाडीची किल्ली काढली आणि ब्रेडच्या टोपलीशेजारी ठेवली.

“मी नेणार नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे मी ड्रायव्हर नाही. नीट ऐका, मी भांडत नाहीये, विचारतेय. लाँग आयलंडला मला बोलावलं नाही. व्हर्जिनियाला नाही. इटलीला नाही. का, तर मला बोअर होईल. आज बोलावलं. आज मला कशासाठी बोलावलं ते सांगा. ड्रायव्हर म्हणून असेल तर तसं सांगा, मी पुढच्या वेळी आधी विचार करेन. मैत्रीण म्हणून असेल तर गाडी कोण चालवणार याची सोय मैत्रिणीवर सोडायची नव्हती.”

सूर्य पाण्याला टेकला होता. पलीकडच्या टेबलावर काटे-चमचे वाजत होते. उत्तर काहीही आलं असतं, आणि एक उत्तर असं होतं की त्यानंतर माझ्या आयुष्यातली ही सत्तावीस वर्षं संपली असती.

“ड्रायव्हर म्हणूनच,” माधवी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

“खोटं नाही बोलत. इटलीच्या वेळी हा म्हणाला, तिला बोअर होईल, आणि मी हो म्हणाले. आज हा म्हणाला, सुजाताला घेऊ, म्हणजे दोघांना पिता येईल, तर त्यालाही मी हो म्हणाले. मी हो म्हणाले, सुजा. तू काउंटरवर ती पट्टी परत दिलीस ना, तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली, की...”

वाक्य पुरं न करता तिने स्वेटरची बाही वर सरकवली. दोन सोन्याच्या बांगड्यांच्या मागे, मनगटाला चिकटलेली नारिंगी पट्टी.

“रेस्टरूमला नव्हते गेले. केटीकडे गेले होते. पहिल्या दोन घोटांनंतर मी काही प्यायले नाहीये. हा सगळं संपवत होता, याच्या लक्षातही आलं नाही.”

तिच्या पुढ्यातला ग्लास मी तेव्हा नीट पाहिला. पांढरी वाईन, काठोकाठ. टोस्टलाही तिने तो नुसता उचलून ठेवला होता.

“म्हणजे,” अविनाश हळूहळू म्हणाला, “दुपारपासून मी एकटाच पितोय?”

“पानात टाकायचं नाही ना तुला,” माधवी म्हणाली. तिने किल्ली उचलली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि बाटलीकडे बोट केलं. “उरलाय का थोडा?”

तळाशी वाटीभर मठ्ठा उरला होता. वाईनच्या दोन रिकाम्या ग्लासांत मी तो निम्मा-निम्मा ओतला. जिरं सगळं तिच्याकडे गेलं. अविनाशने आपला ग्लास जरा घाबरतच पुढे केला, आणि आम्ही त्यालाही ग्लास लावला. दारू तर मी कधी धरलीच नव्हती. दोस्त कुठं सोडणार?

परतीचा रस्ता

आकाशात अजून जांभळा उजेड होता. मी मागच्या सीटवर, चपला काढून, पाय लांब पसरून, एका बाजूला मिरच्यांची बरणी आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या चकल्या घेऊन बसले. पुढे अविनाश कोथिंबिरीच्या वासात घोरत होता. माधवीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि प्रत्येक दिव्याखालून जाताना तिच्या मनगटावरची पट्टी चमकत होती.

“याचा नवा पासपोर्ट आला की,” ती आरशात बघून म्हणाली, “सप्टेंबरमध्ये जाऊ म्हणतोय. तिघं. येशील?”

“माझ्यापुढे ग्लास ठेवणार?”

“पाच ठेवेन.”

“मग बघू,” मी म्हणाले, आणि एक चकली मोडली. “आणि जरा हळू घे गं, ड्रायव्हर. मागे मालकीणबाई बसल्यात.”